साहेबाचे कट्टे आणि विश्वाचा पाव हिस्सा

विजयदुर्गाच्या किल्ल्यात हिंडणाऱ्या पाहुण्याला गावचा वाटाड्या तिहेरी तट दाखवितो, समुद्राखालच्या भिंतीची हकीकत सांगतो, आंग्रे-धुळपांची नावे घेतो आणि मग समुद्राकडच्या अंगाला असलेल्या काही दगडी ओट्यांपाशी आणून उभा करतो. ‘हे साहेबाचे कट्टे,’ तो सांगतो. ‘इथे लॉकयरसाहेबाने दुर्बीण लावून सूर्यात हेलियम वायू शोधला. साल १८६८.’ गेली काही वर्षे १८ ऑगस्टला येथे हेलियमचा वाढदिवसही साजरा होतो. शाळेची मुले येतात, भाषणे होतात. एका मूलद्रव्याचा जन्म आपल्या किल्ल्यात झाला, या अभिमानात गैर काही नाही. ज्या गावाने १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांखाली आंग्र्यांचे आरमार जळताना पाहिले, त्याने इंग्रजांच्या नावे निदान एक तरी बरी आठवण जपावी, हे मनाच्या मोठेपणाचेच लक्षण म्हणायचे.

पण या गोष्टीत दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. ती सोडवून पाहिली तर विजयदुर्गाची बाजू लंगडी पडेल, अशी भीती काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. खरी हकीकत दंतकथेपेक्षा लांबलचक आहे, आणि तिचे दुसरे टोक थेट विश्वाच्या घडणीपर्यंत जाऊन पोचते.

पहिले ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चे. पंचांगाच्या भाषेत शके १७९० ची श्रावण अमावास्या, म्हणजे पिठोरी. चंद्राच्या छायेचा पट्टा त्या सकाळी कोकणच्या किनाऱ्यावरून आत शिरला आणि विजापूर, गुंटूर करीत मछलीपट्टणला बंगालच्या उपसागरात उतरला. तेथून तो सयामला गेला. सयामचा राजा मोंगकुट स्वतः ज्योतिर्गणिती होता. त्याने ग्रहणाची वेळ आणि जागा स्वतःच्या गणिताने वर्तविली, परदेशी पाहुण्यांना जंगलात बोलावून ती खरी करून दाखविली आणि तेथल्या हिवतापाने दीड महिन्याच्या आत, १ ऑक्टोबरला, प्राण सोडला. ग्रहणाच्या नादापायी राज्य नव्हे तर जीव गेलेला दुसरा राजा माझ्या तरी वाचनात नाही.

आता कोकणच्या माणसाने क्षणभर डोळे मिटून ती तारीख मनात आणावी. नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्रात पडून जेमतेम पंधरवडा झालेला. होड्या नुकत्या कुठे पाण्यात उतरू लागलेल्या, बंदराच्या तोंडाशी अजून पिसाळलेल्या लाटा, आणि आभाळ केव्हा फाटेल याचा नेम नाही. अशा दिवसांत नाजूक भिंगे, लोलक आणि काचेची तावदाने घेऊन विजयदुर्गास उतरण्याचा विचार शहाणा ज्योतिषी करील काय? त्या वर्षीच्या वेधकऱ्यांनी तो केला नाही. घाट ओलांडून आत, जेथे पाऊस कमी, तेथे त्यांनी तळ दिले. कॅप्टन हेग विजापुरास होता. सुप्रसिद्ध हर्शेल घराण्यातला लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होता. मेजर टेनंट आणि फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला, तर मद्रास वेधशाळेचा प्रमुख पॉगसन मछलीपट्टणला. इतके करूनही जमखंडीला ढगांनी गाठलेच. हर्शेलला ढगांच्या फटींतून मिळतील तेवढ्या क्षणांवर समाधान मानावे लागले.

आणि लॉकयर? तो त्या दिवशी इंग्लंडात होता. वय बत्तीस, धंदा युद्धखात्यातली कारकुनी, आणि ज्योतिष हा फावल्या वेळचा उद्योग. हिंदुस्थानात येण्याइतकी रजाही नाही आणि पैसाही नाही. ग्रहणावाचूनही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा वर्णपटदर्शकाने दिसू शकतील अशी कल्पना त्याने आधीच मांडली होती. पण त्यासाठी मागविलेले यंत्र कारागिराकडून वेळेवर येईना. ते हातात पडले १६ ऑक्टोबरला. चार दिवसांनी, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, लंडनमधल्या आपल्या घरच्या दुर्बिणीला ते जोडून त्याने त्या ज्वाळा पाहिल्या. तेव्हा १८६८ साली लॉकयरसाहेब विजयदुर्गाच्या कट्ट्यावर उभा नव्हता, एवढे निश्चित.

मग त्या ग्रहणात घडले तरी काय, हे समजून घेण्यासाठी आपल्या चुलीपाशी यावे लागेल. विस्तवात मिठाचा खडा पडला की ज्योत भगभगीत पिवळी होते, हे कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. दिवाळीच्या चंद्रज्योतीत हिरवा रंग बेरियमच्या क्षारांनी येतो, तांबडा स्ट्राँशियमच्या. प्रत्येक द्रव्य तापले की आपापला ठरलेला उजेड देते. तो लोलकातून पाहिला की ठरावीक जागी ठरावीक रेघा दिसतात, माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या. १८५९ साली किर्खोफ आणि बन्सेन यांनी हे शास्त्र बसविले. त्याच्या पाव शतक आधी, १८३५ साली, ऑगस्ट काँत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने असे बजावून ठेवले होते की, ताऱ्यांची अंतरे मोजता येतील, पण ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. तत्त्ववेत्त्यांनी ‘कधीच’ हा शब्द जपून वापरावा.

१८६८ च्या ग्रहणात सूर्यबिंब झाकले गेले आणि कडेच्या लाल ज्वाळांचा उजेड वर्णपटदर्शकात शिरला. त्यात सलग रंगपट्टा नव्हता, सुट्या तेजस्वी रेघा होत्या. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. तांबडी आणि निळी रेघ हायड्रोजनची, हे ओळखू आले. पण एक पिवळीही होती. पिवळी म्हटल्यावर सर्वांना मीठच आठवले. हर्शेलने ती सोडियमची मानली, टेनंटनेही. पॉगसनने मात्र ती सोडियमच्या जागी ‘किंवा जवळपास’ असल्याचे नोंदविले. त्या ‘जवळपास’मध्ये सारे काही होते. पण पॉगसनचा अहवाल मद्रास सरकारच्या कागदपत्रांत राहिला, युरोपातल्या शास्त्रज्ञांपर्यंत त्याचा आवाज पोचलाच नाही. सरकारी दप्तरात चांगल्या नोंदी कशा बुडतात, याचे हे काही एकमेव उदाहरण नव्हे.

जान्सेनला त्या रेघांच्या तेजाने इतके वेड लावले की दुसऱ्या दिवशी, ग्रहण सुटलेले असताना, भर उन्हात त्याने त्या पुन्हा पाहिल्या. त्याचे हे पत्र आणि लॉकयरचे लंडनचे पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी वाचले गेले. पुढे १८७२ साली फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे शेजारी शेजारी कोरलेले पदक पाडले. शोधाचे श्रेय अर्धे-अर्धे वाटून दोन्ही बाजू खूष, असा योग शास्त्राच्या इतिहासात फार क्वचित येतो. मात्र हे पदक ज्वाळा ग्रहणावाचून पाहण्याच्या युक्तीचे होते, हेलियमचे नव्हते, हे लोक विसरतात.

हेलियमची गोष्ट त्या पिवळ्या रेघेच्या मोजणीत आहे. सोडियमच्या दोन रेघा ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीच्या. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. सूर्याची पिवळी रेघ पडत होती ५८७६ वर. चौदा अँगस्ट्रॉमचे अंतर. लॉकयरने घरी बसून, ग्रहणाची घाई नसताना, दिवसामागून दिवस ते मोजले आणि ही रेघ सोडियमची नव्हे असे सांगितले. प्रयोगशाळेत फ्रँकलंड या रसायनज्ञाच्या संगतीने त्याने हायड्रोजनकडून ती काढून घेण्याची खटपट केली. ती निघेना. तेव्हा पृथ्वीवर न सापडलेले एखादे द्रव्य सूर्यात असावे, या तर्कास तो आला. ग्रीक सूर्यदेवावरून त्याला ‘हेलियम’ म्हणू लागले. १८७१ साली विल्यम थॉमसनने एका अध्यक्षीय भाषणात ते नाव उच्चारले. रसायनशास्त्रज्ञांनी नाके मुरडली. जे बाटलीत भरता येत नाही ते मूलद्रव्य कसले?

सत्तावीस वर्षे हा ‘सूर्याचा वायू’ नुसता रेघेच्या रूपात राहिला. २६ मार्च १८९५ रोजी विल्यम रॅम्झेने क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेला वायू नळीत भरून पेटविला, तो तीच पिवळी रेघ समोर. पडताळणीसाठी त्याने नमुना लॉकयरकडे पाठविला. ज्याने पोर जन्माला येण्याआधी त्याची पत्रिका मांडली, त्यालाच अखेर त्याचे तोंड पाहायला मिळाले. आता लॉकयर कारकून नव्हता. ‘नेचर’ हे साप्ताहिक त्याने १८६९ साली काढले होते आणि ते जगभर गाजत होते. साठीच्या घरात आलेल्या त्या माणसाला १८९७ साली सर ही पदवीही मिळाली. आणि आता, तीस वर्षांपूर्वी हुकलेले हिंदुस्थानातले ग्रहण त्याला पुन्हा बोलावीत होते.

हे दुसरे ग्रहण २२ जानेवारी १८९८ चे, शके १८१९ च्या पौष अमावास्येचे. दिवस शनिवार. या वेळी छाया आफ्रिकेवरून अरबी समुद्र ओलांडून थेट विजयदुर्गाच्या आसपास किनाऱ्याला लागणार होती आणि सोलापूर जिल्हा, वऱ्हाड असे करीत गंगेकडे जाणार होती. जानेवारी म्हणजे कोकणातले सर्वांत लख्ख आभाळ. समुद्र शांत, आंब्याला मोहोर. घेरियाचे बंदर मोठ्या जहाजांनाही आत घेणारे, म्हणून तर आंग्र्यांनी ते धरून ठेवले होते. जेथे मराठ्यांची गुराबे आणि गलबते नांगरत, तेथे ब्रिटिश आरमाराचे ‘मेल्पोमीन’ जहाज आले. लॉकयर, त्याचा मुलगा विल्यम, सहायक अल्फ्रेड फाउलर आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर यांनी किल्ल्यात तळ दिला. जहाजाचा कप्तान चिझम-बॅटन आणि त्याचे खलाशी मदतीला. लॉकयरची ही खास पद्धत होती. शास्त्रज्ञ थोडे आणि कामे फार, म्हणून आरमाराची शिस्तबद्ध माणसे घ्यायची, त्यांच्याकडून आधी कवाईत करवून घ्यायची आणि ग्रहणाच्या क्षणी प्रत्येकाने आपापले एकच काम करायचे. कोणी सेकंद मोजायचे, कोणी तावदाने बदलायची, कोणी प्रभामंडळाचे चित्र काढायचे.

दुर्बिणीला कट्टा कशाला लागतो, हेही सांगितले पाहिजे. लाकडी तिपाईवरचे यंत्र वाऱ्याने हलते, माणूस शेजारून चालला तरी थरथरते. सूर्याची प्रतिमा आरशाने स्थिर ठेवून लांब कॅमेऱ्यात सोडायची तर यंत्राखाली घट्ट बांधकाम हवे. ग्रहणाच्या तळांवर असे ओटे बांधीतच. तेव्हा विजयदुर्गाचे कट्टे १८९८ च्या या तळाचेच असले पाहिजेत, असा माझा तर्क आहे. लोकांनी साहेबाचे नाव बरोबर लक्षात ठेवले, जागाही बरोबर ठेवली. साल तेवढे तीस वर्षे मागे सरकले. लोकस्मृतीचा हा नेहमीचाच रिवाज आहे. ती माणूस आणि ठिकाण विसरत नाही, आणि सर्वांत मोठे जे कृत्य ते त्याच जागी आणून बसविते.

त्या वेळचे महाराष्ट्राचे दिवस मात्र सुखाचे नव्हते. मुंबई-पुण्यात प्लेग होता. सात महिन्यांपूर्वी रँडचा वध झाला होता. ‘ओरायन’ लिहून मृगनक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ काढणारे टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. आकाशाची इतकी जाण असलेल्या त्या माणसाला त्या दुपारचे आकाश कोठून किती दिसले असेल, हा विचार मनात येतो खरा.

ग्रहण भर दुपारी लागले. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास. किनाऱ्यावर एकीकडे लोक समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जप करीत असतील, ‘दे दान, सुटे गिराण’ची आरोळी उठली असेल. दुसरीकडे तटाच्या आत लोलक-कॅमेऱ्यांची झडप उघडत-मिटत होती. या कॅमेऱ्यात भिंगापुढे लोलक बसविलेला असतो. सूर्य झाकला जाण्याच्या क्षणी त्याच्या कडेची तापलेल्या वायूची कोर तेवढी उरते आणि तावदानावर रेघांऐवजी कोरीव कमानी उमटतात. एकेक द्रव्याची एकेक कमान. तीत हेलियमची होती, हायड्रोजनची होती, आणि प्रभामंडळाची ती गूढ हिरवीही होती.

तो पट्टा आपल्याच मुलखावरून जात होता, म्हणून इतर तळांचीही नोंद घ्यायला हवी. सोलापूर जिल्ह्यात जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँबेल होता. तेथेच पुण्याहून आलेले कावसजी दादाभाई नेगामवाला होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी वेधशाळा उभी केली होती आणि वीस इंचांची परावर्ती दुर्बीण आणविली होती. एतद्देशीय माणसाने स्वतःच्या हिमतीवर आधुनिक पद्धतीने केलेल्या ग्रहणवेधाचा विस्तृत अहवाल त्यांनी १९०२ साली छापला. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकनालला गेली. पुण्यात आज त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? वऱ्हाडात तळणी येथे माँडर पती-पत्नी आणि एव्हरशेड होते. पूर्वी पुरुषांचाच मानलेला हा उद्योग ॲनी माँडरने केला आणि सूर्यापासून लांबवर गेलेला प्रभेचा झोत टिपला.

या सर्व तळांवरच्या वर्णपटांतून एक चूक दुरुस्त झाली. प्रभामंडळाची हिरवी रेघ १८६९ पासून ५३१७ वर धरली जात होती. तेथे लोखंडाची एक क्षीण रेघ आहे, म्हणून ती लोखंडाची असावी असा समज होता. १८९८ च्या तावदानांवर ती ५३०३ वर निघाली. पुन्हा एकदा चौदा अँगस्ट्रॉमचाच फरक! आता ती कोणाचीच नव्हती. हेलियमच्या अनुभवाने शास्त्रज्ञ धीट झाले होते, त्यांनी ‘कोरोनियम’ नावाचे दुसरे नवे मूलद्रव्य कल्पिले. ते मात्र कधीच सापडले नाही. १९४० च्या सुमारास स्वीडनच्या एड्लेनने दाखविले की ती रेघ लोखंडाचीच आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. दहा लाख अंशांच्या उष्णतेशिवाय लोखंडाची अशी दशा होत नाही. एकाच युक्तीने एकदा मूलद्रव्य मिळाले आणि एकदा भूत. विज्ञानात या दोहोंचा प्रवेश एकाच दाराने होतो.

येथपर्यंत गोष्ट सूर्याची झाली. ती विश्वाची कशी होते, ते पाहू. विजयदुर्गाला आलेला फाउलर पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाला. १९२० साली त्याच्या प्रयोगशाळेत कलकत्त्याहून एक तरुण आला, मेघनाद साहा. तापमान आणि दाब यांनुसार अणूंचे इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतात, याचे समीकरण साहांनी बसविले होते. लॉकयर आयुष्यभर म्हणत आला होता की, ताऱ्यांच्या उष्णतेत मूलद्रव्ये फुटतात. लोकांनी त्याला हसून घेतले. साहांच्या गणिताने त्या म्हणण्यातला खरा अंश वेगळा काढला. मूलद्रव्य फुटत नाही, त्याचे इलेक्ट्रॉन निघून जातात. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लॉकयर वारला.

साहांचे समीकरण हाती आल्यावर रेघेच्या ठळकपणावरून द्रव्याचे प्रमाण काढता येऊ लागले. १९२५ साली सिसिलिया पेन या तरुणीने ते काढले आणि उत्तर आले की, तारे जवळजवळ सगळे हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. लोखंड, सोडियम वगैरे नुसते फोडणीपुरते. वडीलधाऱ्या ज्योतिषज्ञांनी तिला हे खरे नसावे असे लिहायला लावले. चार वर्षांनी ते खरे असल्याचे त्यांनीच कबूल केले. चार हायड्रोजनांचा एक हेलियम होताना वजनात हजारी सातांची तूट येते आणि तीच तूट ऊन होऊन आपल्याकडे येते, हा एडिंग्टनचा १९२० चा अंदाजही पुढे सिद्ध झाला.

पण एक हिशेब जुळेना. सूर्यात आणि ताऱ्यांत, तारकाविश्वात जेथे पाहावे तेथे वजनाने सुमारे पाव हिस्सा हेलियमच. ताऱ्यांनी तो जाळून तयार केला म्हणावे, तर सगळे तारे जन्मल्यापासून तळपत आले तरी थोड्याच टक्क्यांची भर पडते. मग बाकीचा कोठून आला? १९४८ साली गॅमो आणि आल्फर यांनी सुचविले होते की विश्वाच्या आरंभी सर्वत्र भट्टीसारखी उष्णता होती आणि मूलद्रव्ये तेथे शिजली. हिशेब साधा आहे. पहिल्या काही मिनिटांत, कणांची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा, सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला होता. म्हणजे सोळा कणांत चौदा प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. दोन न्यूट्रॉन दोन प्रोटॉनांना धरून एक हेलियम बनवितात, बारा प्रोटॉन हायड्रोजन म्हणून मोकळे राहतात. सोळांत चार, म्हणजे बरोबर पाव!

या हिशेबाची सर्वांत मोठी गंमत १९६४ ची. केंब्रिजचा फ्रेड हॉइल हा स्थिर-स्थिती विश्वाचा कट्टर पुरस्कर्ता. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव असेच आहे, असे त्याचे मत. त्याच वर्षी कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांबरोबर त्याने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि साऱ्या जगात या जोडीचे नाव झाले. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हॉइलने टेलरच्या सहकार्याने हेलियमचा हिशेब करून लिहिले की, इतका हेलियम व्हायचा तर कधीतरी सर्वत्र प्रचंड उष्णता असली पाहिजे. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा हा पुरावा त्याने लपविला नाही. लेख छापून आला तो लॉकयरच्या ‘नेचर’मध्ये. दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारी, निरपेक्ष शून्याच्या २.७ अंश वरची ऊब सापडल्याचे जाहीर झाले. त्या भट्टीची ती राख.

नारळीकरांनी तरीही प्रश्न विचारणे सोडले नाही. १९८८ साली पुण्यात आयुका उभी केल्यावरही हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या कल्पनेचे सुधारलेले रूप मांडले. बहुतेक ज्योतिषज्ञांनी ते स्वीकारले नाही, आणि पुरावा त्या बहुतेकांच्या बाजूचा आहे असे मलाही दिसते. पण मराठीत विश्वाची गोष्ट घरोघरी नेणारा हा माणूस २० मे २०२५ रोजी गेला, तेव्हा त्याने आयुष्यभर एका हरलेल्या बाजूचे वकीलपत्र न घाबरता चालविले, याचेच मोल मला अधिक वाटले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशीला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवर संशोधन करीत, तेव्हा हा विषय हिंदुस्थानात बोटांवर मोजण्याइतक्या लोकांना कळत होता.

सापेक्षतेचे नाव निघाले म्हणून विश्वाच्या आकाराचेही सांगितले पाहिजे, कारण तीही ग्रहणाचीच देणगी. २९ मे १९१९ च्या खग्रासात एडिंग्टनच्या मंडळींनी सूर्यामागचे तारे टिपले. सूर्याच्या कडेवरून येणारा प्रकाश वाकतो हे दिसले, म्हणजे वस्तुमानाजवळची जागाच वाकलेली असते. जेथे एक सूर्य जागा वाकवितो, तेथे सगळ्या विश्वातले द्रव्य मिळून सबंध विश्वाला कसला आकार देत असेल? नारळावर त्रिकोण काढला तर त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून जास्त भरते, पाटावर काढला तर १८०च भरते. विश्वात एवढा मोठा त्रिकोण काढायचा कसा, हाच काय तो प्रश्न.

निसर्गाने तो काढून ठेवला होता. आरंभीच्या त्या तापलेल्या द्रवात ध्वनीच्या लाटा चालत होत्या. ३ लाख ८० हजार वर्षांनी अणू बनले, प्रकाश मोकळा झाला आणि लाटा जेथल्या तेथे गोठल्या. एवढ्या काळात लाट किती दूर जाते हे गणिताने कळते. म्हणजे त्रिकोणाची एक बाजू माहीत. आकाशातल्या त्या उबेवर लाटांचे डाग केवढ्या कोनाचे दिसतात एवढेच मोजायचे उरले. जागा नारळासारखी असेल तर डाग मोठे दिसतील, उलट बाजूस वाकलेली असेल तर बारीक, सपाट असेल तर अदमासे एका अंशाचे. डिसेंबर १९९८ च्या अखेरीस, विजयदुर्गाच्या ग्रहणाला शंभर वर्षे उलटून गेली असता, ‘बूमरँग’ नावाची दुर्बीण दक्षिण ध्रुवाच्या हिमप्रदेशावर फुग्याने चढविण्यात आली. दहा-अकरा दिवस ती तेथे फिरली. २००० साली उत्तर जाहीर झाले: डाग एका अंशाचे. विश्व पाटासारखे सपाट. आणि तो फुगा भरला होता हेलियमने.

मात्र सपाट राहण्याइतके द्रव्य मोजायला गेले, तर दिसणारे सर्व मिळून शेकडा पाचच भरते. सुमारे सत्तावीस टक्के न दिसणारे द्रव्य आणि अडुसष्ट टक्के अशी ऊर्जा, जी विश्वाचे प्रसरण वेगाने करीत आहे. यांच्या रेघा नाहीत. वर्णपटदर्शकापुढे या गोष्टी मुक्या बसतात. हेलियम निदान पिवळ्या रंगात बोलला होता. न दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने त्या गोठलेल्या लाटांचे सूक्ष्म उंचवटे पुढे वाढत गेले, त्यांच्याभोवती दीर्घिका जमल्या, दीर्घिकांचे पुंज झाले, पुंजांच्या साखळ्या झाल्या आणि मध्ये प्रचंड पोकळ्या राहिल्या. जाळे वाळत घातल्यावर गाठी आणि भोके दिसतात, तसे. २०१७ साली आयुका आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला अशा गाठींचा एक महासमूह ओळखला. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे, विस्तार ६० कोटी. त्याला त्यांनी नाव दिले ‘सरस्वती’. शोध बाहेर गेला तरी नाव घरचे राहिले.

रेघ मोजण्याचा उद्योग तर थांबलेलाच नाही. नारायणगावाजवळ खोडदला गोविंद स्वरूपांनी उभारलेल्या तीस तबकड्या हायड्रोजनची रेघ ऐकतात. ही रेघ डोळ्याला दिसणारी नव्हे, रेडिओलहरीतली, तरंगलांबी २१ सेंटिमीटर. जानेवारी २०२३ मध्ये तेथे टिपलेल्या अशा एका क्षीण लहरीची बातमी आली. ती आपल्या दीर्घिकेतून निघाली ८८० कोटी वर्षांपूर्वी, आणि येथे पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती. वाटेत ती कोणी ओढली नव्हती, जागाच तेवढी ताणली गेली होती.